भावजींचं विमान वर गेलं तो दिवस

निपाणीहून सकाळच्या मोटारीने माणूस आला तेव्हा मी अंगणात सुताला खळ देत होते. त्याने दारातच चप्पल काढली आणि आमच्या ह्यांना बाजूला बोलावलं, तेव्हाच मला समजलं. माझे मोठे दीर, आमचे भावजी, पंधरा दिवसांपूर्वी लेकीकडे निपाणीला गेले होते. पहाटे झोपेतच गेले म्हणाला तो. ह्यांचा माग त्या दिवशी पुन्हा चालला नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खांबाला टेकून बसल्या होत्या, त्या तशाच बसून राहिल्या. मला मात्र भलताच विचार आला. त्या घरी भावजींना बाहेर काय दिसतं ते नीट सांगणारं कोणी होतं का... आता महिना उलटला तरी तो विचार जात नाही, म्हणून ही वही काढली आहे.

मी लग्न होऊन वडगावला आले तेव्हा जाऊबाई वारल्या होत्या आणि भावजींच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. त्यांच्या हातच्या रेशमी काठांची साडी शहापूरच्या पेठेत लोक मागून घेत, पण धागा दिसेना म्हणून ते मागावरून उठले आणि रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसले. ते आमच्याकडे बायकांचं काम. कोणी हसलं तर तेही हसत. त्याच वर्षी लष्कराच्या कॅम्पाच्या मैदानावर एक विमान उतरलं. सगळा गाव बघायला धावला, भावजीही ह्यांचा हात धरून गेले. लोक विमान चालवणाऱ्या साहेबाच्या चष्म्याकडे आणि पुढच्या पंख्याकडे बघत होते. भावजींना धड दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी पंखावर हात ठेवला. घरी आले ते थेट आत्याबाईंच्या पुढ्यात बसले. "आई, लोखंड न्हाय गं ते. कापड हाय. आपल्यासारखंच विणल्यालं, वर कसली तरी खळ दिलीया." त्या दिवशी ते जेवले नाहीत. जे कापड आपण जन्मभर विणलं ते माणूस घेऊन आकाशात जातं, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटत होतं. आम्हा घरच्यांनाही मग आमच्या मागाकडे बघताना काहीतरी वेगळंच वाटायला लागलं.

तेव्हापासून ते विमानं करू लागले. माणूस बसायची नव्हेत, हातभर लांबीची, पण खरोखर उडणारी. टिळकवाडीच्या एका मास्तरांकडे इंग्रजी मासिकात अशा विमानांची चित्रं होती. मास्तर वाचून सांगत आणि भावजी बोटांनी मापं लक्षात ठेवत. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बारीक कांबींचे पंख, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा पुढचा पंखा, आणि आत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. पट्ट्यांना एरंडेल लावायचं, पंखा बोटाने फिरवून त्यांना पीळ भरायचा आणि सोडायचं. पीळ सुटेल तसा पंखा फिरतो. हे सगळं ते नुसत्या स्पर्शाने करत. कांब तळहातावर तोलून म्हणत, इकडची बाजू जड आहे, आणि खरंच ती केसभर जाड असायची. मी चुलीशी बसून बघत राहायची. पंखांवर पातळ कागद चिकटवून त्याला खळ द्यायचं काम आत्याबाईंच्या मार्फत माझ्याकडे आलं होतं. खळ वाळली की कागद ढोलासारखा ताठ होई.

मार्फत म्हणते, कारण मोठ्या दिराशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. त्यांच्यासमोर पदर पुढे ओढायचा आणि काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं. मी तशीही कमी बोलणारी, मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. पण त्या रीतीने भावजींची दोन वर्षं वाया गेली. भातं कापून झाली की आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या रानात जायचो, पुढे आत्याबाई आणि भावजी, मागे विमान घेऊन मी. भावजी विमान सोडत आणि विचारत, कसं गेलं? ह्यांना मागावरून सवड झाली आणि हे आले तर म्हणत, गेलं, पडलं, चला. आणि आत्याबाई दर वेळी म्हणत, "लई झक्कास गेलं, लेका." मी हळूच त्यांच्या कानात सांगायची की ते नाक वर करतं, मग डावीकडे कलतं आणि पडतं. त्या पुढे सांगत, "धाकटी बी म्हणती, लई छान गेलं." आंधळ्या लेकाला वाईट का सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात असे. आणि भावजी घरी येऊन मोडलेला पंख चाचपत बसत. झक्कास जातंय, तर दर वेळी डावाच कसा मोडतो? ते शेपटी बदलत, पंखा बदलत, नको ते सगळं बदलत. शेजारचे एक आप्पा ओट्यावरून म्हणायचे, आंधळ्याच्या इमानाला वाट कोण दावणार? भावजी त्यालाही हसायचे. पण दुसऱ्या वर्षी हसायचे थांबले.

एका दुपारी त्यांनी मोडकं विमान आत्याबाईंच्या हातात दिलं आणि सांगितलं, कांबी चुलीत घाल, आता पुरे झालं. आत्याबाईंनी ते माझ्यापुढे आणून ठेवलं. चूल पेटलेली होती. मी पंख उचलला, आणि पहिल्यांदाच तो डोळ्यांसमोर आडवा धरून बघितला. डाव्या पंखाची मागची कड वर वळली होती, अगदी थोडी, हाताला कळू नये इतकी... आणि ती कशाने वळली तेही मला तिथेच कळलं. कामाची घाई म्हणून दर वेळी मी डावा पंख चुलीजवळच्या भिंतीला टेकवून वाळवत होते आणि उजवा सावलीत. खळीचं सूत एका बाजूने तापलं की ओढ घेतं हे कोष्ट्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. चूक माझी होती, आणि दोन वर्षं तो माणूस स्वतःच्या हातांना दोष देत होता.

ते सोप्यात कांड्या भरत बसले होते. मी दाराआड उभी राहिले. सांगितलं तर माझीच चूक उघडी पडणार होती, आणि रीत मोडणार होती ती वेगळीच. पण चूल पेटलेली होती. "नाक वर करतंय," मी म्हणाले, "मग डावीकडं पडतंय. पंखाला पीळ आलाय. चुलीजवळ मी वाळवला म्हणून."

रहाट थांबला. आत्याबाई ताडकन उठल्या. "अगं, दिरासंगं बोलतीस?"

भावजींनी तोंड दाराकडे केलं. "किती वर गेल्यावर पडतंय?" त्यांनी मलाच विचारलं.

आपल्या छपराएवढं गेल्यावर, मी सांगितलं. मग ते एकेक विचारत गेले आणि मी सांगत गेले. हळू पडतं की एकदम, कलायच्या आधी थांबतं का... दोन वर्षांचं सगळं माझ्या डोळ्यांत होतं, कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी ते आईला म्हणाले की आजपासून विमानाचं तेवढं धाकटी माझ्याशी बोलेल. आत्याबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि रानात यायचं त्यांनी कायमचं सोडलं.

पुढचे पंख आम्ही फळीला टाचून सावलीत एकत्र वाळवले. मापं मी लिहून ठेवत होते, चौथीची शाळा तेवढ्याला पुरली. मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो हंगाम. दुपारची वेळ, कापलेलं रान तापलेलं, बांधावर मळणीची माणसं भाकरी खात बसलेली, त्यांत ते ओट्यावरचे आप्पाही होते. मी भावजींच्या शेजारी पदर ओढून उभी. इतक्या पुरुषांत मोठ्याने बोलायचं होतं. त्यांनी विमान सोडलं आणि मी सांगू लागले. सरळ जातंय. नाक बरोबर हाय. उजवीकडं वळतंय, सावकाश. छपराएवढं झालं, चिंचेएवढं झालं. मग पट्ट्यांचा पीळ संपला.

"पंखा थांबला," मी म्हणाले.

"आता उतरंल," भावजी म्हणाले.

पण ते उतरलं नाही. जिथे एक घार गोल फिरत होती तिथे ते गेलं आणि तिच्यासारखंच गोल फिरत वर चढू लागलं. पंखा थांबलेला, ना दोरा, ना कोणी धरलेलं. बांधावरची माणसं भाकरी हातात धरून उभी राहिली.

"चढतंय," मी म्हणाले.

भावजींनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "धाकटे, तू बी आता आईसारखं सांगाय लागलीस व्हय?"

खरं बोलण्यासाठी रीत मोडली आणि आता खरं तेच खोट्यासारखं वाटत होतं. "भावजी," मी म्हणाले, "पडलं असतं तर पडलं म्हणाले असते. चुलीचं सांगितलंच की तुम्हांस्नी."

त्यांनी मान हलवली आणि तोंड वर केलं. मी सांगत राहिले. घारीच्या वर गेलं. चिमणीएवढं दिसतंय. तिळाएवढं. बांधावर आप्पाही डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघत होते. मग निळ्यात तो ठिपका मला सापडेना.

"आता दिसत न्हाय," मी म्हणाले.

"पडलं?"

"न्हाय. दिसायचं बंद झालं."

ते हसले, बऱ्याच दिवसांनी हसले. "म्हंजी आता तुला बी माझ्याएवढंच दिसतंय." आणि आम्ही दोघं, आकाशाकडे तोंड करून, कितीतरी वेळ तसेच उभे राहिलो. ते विमान पुन्हा कोणाला सापडलं नाही. लढाईत आमच्या डोक्यावरून खरी विमानं इतकी गेली की आता कोणी मान वर करत नाही. भावजी पुढेही विमानं करत राहिले, पण तसं काही मी पुन्हा पाहिलं नाही.

परवा दुपारी मी माळ्यावरून भावजींची फळी खाली घेतली. तिच्यावर एक पंख टाचलेला होता, निपाणीला जायच्या आधीचा, कागद लावून खळ दिलेला, पुरा वाळलेला. आत्याबाई जवळ येऊन बसल्या. त्या दिवसाची गोष्ट साऱ्या गावाने त्यांना सांगितली होती. पण आयुष्यभर त्यांनी स्वतः जे केलं तेच सगळ्यांनी केलं असेल असं त्यांना वाटत राहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "आता तो न्हाय. आता खरं सांग गं. त्या दिवशी ते खरंच वर गेलतं, का त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलंस?"

"खरंच," मी म्हणाले. एवढंच म्हणाले, कारण जास्त सांगितलं असतं तर त्यांना ते सजवल्यासारखं वाटलं असतं. टाचण्या काढून पंख त्यांच्या हातांवर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मोडके पंखच उचलले होते, धड पंख कधी हातात घेतला नव्हता. "याला वजनच न्हाय की," त्या म्हणाल्या. दारातून जरासा वारा आला. त्यांच्या तळहातावरून पंख बोटभर उचलला गेला, आणि त्यांनी दचकून दुसरा हात त्यावर ठेवला. मग थोड्या वेळाने, दाराकडे बघत, तो हात त्यांनी आपणच बाजूला घेतला.