सव्वा मिलिमीटर

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी अण्णासो मगदुमांनी अडतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले. पंपाचा भाग असो की ट्रॅक्टरचा, आधी तो त्यांच्या हातून लाकडात घडायचा. मग त्यावरून वाळूचा साचा आणि साच्यात धातू.

ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी त्यांच्या पत्नीला, अरुणाताईंना, अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. "बोटांकडून काम करून घ्या, नाहीतर ती कायमची आखडतील," डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू अरुणाताई डाव्या हातानं भिरकावून द्यायच्या.

"मी काय ल्हान पोर हाय व्हय?"

मग पुण्याहून त्यांच्या लेकीनं, आदितीनं, एक रेसिंग ट्रॅक पाठवला. ट्रॅकला खाच, खाचेतून धावणारी विजेची गाडी, आणि हातातला खटका दाबला की ती पळणार. "खटका आईच्या उजव्या हातात द्या," तिनं फोनवर सांगितलं. अरुणाताईंनी गाडीचं प्लॅस्टिकचं टरफल एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"हे डबडं कोण पळवणार? त्यापरास तुम्हीच एक करा की."

त्यांनी काहीतरी मागितलं, हेच अण्णासोंना पुष्कळ होतं. एका जुन्या कॅलेंडरवर सत्तर वर्षांपूर्वीची रेसची गाडी होती. लांब नाक, उघडा टप, चाकांवर गोल फुगीर मडगार्डं. त्यांनी शिवणीच्या लाकडाचा ठोकळा घेतला, ट्रॅकच्या खोक्यावर छापलेल्या मापांवरून आखला, आठ दिवस कोरला, आतून पोखरून हलका केला. नवव्या दिवशी प्लॅस्टिकचं टरफल काढून तो मोटर आणि चाकांच्या सांगाड्यावर बसवला, तर पुढची चाकं बरोबर आणि मागची मडगार्डाला घासतायत. त्यांनी तो सांगाड्याशी ताडून बघितला. लांबी सव्वा मिलिमीटर जास्त.

"पट्टी कुठली घेतलीसा?" अरुणाताईंनी कॉटवरून विचारलं.

अण्णासोंनी हातातली पट्टी बघितली आणि कपाळाला हात लावला. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा असतो. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात वाढीव आखलेली असते. सवयीनं तीच हातात आली होती.

"अवो, गाडी काय ॲल्युमिनियमात वतणार हाय काय?" अरुणाताई हसल्या. तोंड जरा वाकडं झालं, पण आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच एवढ्या हसल्या.

"दुसरी करतो," अण्णासो ओशाळून म्हणाले.

"आनि मी आठ दिवस बसून ऱ्हाऊ? पॉलिश पेपर द्या हिकडं. मडगार्ड आतनं घासलं की झालं."

डाव्या हातात त्यांनी गाडी धरली. आता पेपर धरायला उजवाच हात उरला. अण्णासोंनी बारीक काडीला पेपर गुंडाळून बोटांत दिला. तो पडला. परत दिला, परत पडला. तिसऱ्यांदा अंगठा हलला आणि काडी टिकली. अण्णासोंना तिच्या हाताखाली आपला हात द्यावासा वाटला. पण ते उठून उगीचच खिडकीपाशी गेले.

"बघतायसा काय? पेपर बदला, बोथटला."

रोज सकाळी पाव तास. बाराव्या दिवशी मागची चाकं मोकळी फिरली. एका बाजूला जरा जास्तच लाकूड गेलं होतं. अण्णासोंनी पुट्टी भरली नाही. तसाच लाल रंगाचा हात दिला, वर पांढऱ्यात सात आकडा काढला.

रंग वाळल्यावर जमिनीवर ट्रॅक मांडला. अरुणाताईंनी खटका उजव्या हातात घेतला. बराच वेळ काहीच झालं नाही. अण्णासो ट्रॅककडे बघत राहिले. हाताकडे बघायचं त्यांना धाडस होईना. आणि गाडी सुटली ती अशी, की पहिल्याच वळणावर खाच सोडून कपाटाखाली गेली.

"जरा हळू दाब की!"

"मला काय ठावं एवढं जोरात दाबतंय म्हणून?" अरुणाताई स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या. मग कपाटाकडे मान केली. "काढा तिला भायेर. परत दाबून बघती."