एकोणिसावं गुलाबी कार्ड

इथे लोक लिहितात ते अनुभव मी डबा खाताना वाचते, आणि मनात म्हणते, यांना झोप पुरत नसावी. आधीच सांगते, आमच्या घरात भूत-देव-अंगारा काही नाही. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. शेजारच्या खोलीत कुणाच्या अंगात आलं की बाबा म्हणायचे, "ताप बघा आधी." मीही तशीच. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे... पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहिते.

दादरला आमच्या मदतसंस्थेचं ऑफिस आहे. कुठे पूर आला, दरड कोसळली की आम्ही बोटी, अन्न, ताडपत्र्या पाठवतो. गेल्या वर्षी कोकणात खाडीकाठच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा आमच्यासकट तीन संस्था कामाला लागल्या होत्या. पाणी ओसरलं, सत्कार झाले, आणि मग ठरलं संयुक्त मूल्यमापन. म्हणजे आपली पाठ आपणच थोपटायची नाही, तिघांनी एकत्र बसून काय चुकलं ते शोधायचं आणि इतरांनाही सांगायचं, म्हणजे पुढच्या वेळी तेच चुकणार नाही. त्यासाठी पुण्याहून निमकर मॅडम आल्या, कुठल्याच संस्थेच्या नसलेल्या. टायपिंग माझ्याकडे.

आता जे चुकलं होतं, ते सांगते.

पुराच्या दिवशी हेल्पलाइनवर मी होते. जुना लँडलाइन फोन, नंबर दिसायची सोय नाही. दुपारी तीनच्या सुमाराला एक फोन आला. "बाई, पाणी ओट्यार इला. आमी दोघाच आसंव, कौलांर चढतंव." मी नाव विचारलं. दत्ताराम, खालची वाडी. नोंदवही आमचे सावंत सर शेजारच्या खोलीत मीटिंगला घेऊन गेले होते. समोर कागद नव्हता असं नाही, पण मला सवय... मी डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहिलं. म्हटलं, "नाव लिहून घेतलंय काका, बोट पाठवते." मग लागोपाठ दोन फोन आले. मग कुणीतरी डबा उघडला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी हात धुतले आणि जेवले.

वही परत आल्यावर मी दोनच फोन नोंदवले. तिसरा आठवला तो संध्याकाळी, घरी जायच्या बसमध्ये, तिकिटासाठी हात पुढे केला तेव्हा. तळहातावर नुसता निळा डाग होता. सरांना फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला नाही. म्हटलं, काकांनी पुन्हा फोन केला असेल, कुणीतरी घेतला असेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो बघा.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. कौलांवर बायको एकटीच होती. दत्ताराम पहाटे घसरून प्रवाहात गेले होते.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

मूल्यमापनात त्यांच्या बायकोने, सुमतीकाकींनी सांगितलं की त्या दोघांनी फोन केला होता. वहीत नोंद नाही. मग मसुद्यात वाक्य आलं, 'फोन केल्याचा दावा, पुष्टी नाही.' पुढे शिफारस होती की वाडीतल्या लोकांना हेल्पलाइन कशी वापरावी याचं प्रशिक्षण द्यावं. ही दोन्ही वाक्यं मी माझ्या हातांनी टाइप केली. म्हणजे नवरा गेलेल्या बाईला खोटं पाडलं, वर तिलाच शिकवायचं ठरवलं. त्या आठवड्यात मला बसवेना, उठवेना. मनोज, माझा नवरा, म्हणाला, "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? दहा मिनिटं एका जागी बस की."

मसुदा पक्का करायची बैठक भोईवाड्यात झाली. कोर्टाच्या पलीकडच्या गल्लीतला हॉल, सकाळी अकराची वेळ, लख्ख उजेड. आम्ही अठरा जण. गावची माणसं कुणी नाहीत. सुमतीकाकींना बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत.

निमकर मॅडमची पद्धत अशी, की प्रत्येकाने दोन कार्डं लिहायची. पिवळ्यावर काय जमलं ते, गुलाबीवर पुढच्या वेळी काय करावं ते. नाव टाकायचं नाही. मग सगळी पिसून भिंतीवर लावायची आणि मोठ्याने वाचायची. कुणाचं कार्ड, हे कुणी विचारायचं नाही, म्हणजे माणसं खरं लिहितात. कार्डपेपर मीच आणून कापला होता. दोन्ही रंगांची वीस-वीस कार्डं. वाटून उरलेली दोन-दोन माझ्या पर्समध्ये. माझ्या गुलाबी कार्डावर मी काय लिहिलं? 'टॉर्चच्या बॅटऱ्या जास्त ठेवाव्यात.' भित्रेपणाचा नमुना.

मॅडम वाचत होत्या. ताडपत्र्या वेळेवर याव्यात... तिन्ही संस्थांची यादी एक असावी... आणि मग त्याच सुरात त्यांनी वाचलं,

"फोनवरचं नाव हातावर लिहू नये. जेवताना धुतलं जातं."

लोक हसले. सावंत सर म्हणाले, "कोण लिहितं रे हातावर? चौथीत आहोत का आपण?" मॅडम म्हणाल्या, "हसू नका, किती साधी आणि कामाची सूचना आहे," आणि कार्ड भिंतीवर चिकटवलं. मी खुर्चीवरून पाहत होते. बाकी सगळ्यांनी आम्ही दिलेल्या निळ्या स्केचपेनने लिहिलं होतं. हे पेन्सिलने होतं. अक्षरं मोठी, सुटी-सुटी, नव्याने लिहायला शिकलेल्या माणसाची असतात तशी.

तळहातावर लिहिलेलं त्या दिवशी कुणीही पाहिलं नव्हतं. धुतलेलं तर नाहीच नाही.

चहाच्या सुट्टीत बेसिनपाशी गेले. नळ सोडायला हात पुढे केला, पण सोडवेना. मागे रांग लागली. एक जण म्हणाला, "मॅडम, पाणी नाहीये का?" मी कोरडे हात घेऊन परत आले.

सुट्टीनंतर मॅडमनी ते वाक्य वाचायला घेतलं. फोन केल्याचा दावा, पुष्टी नाही. मी उभी राहिले.

"फोन आला होता. मी घेतला होता."

सावंत सर हळूच म्हणाले, "वैशाली, खाली बस. आपण नंतर बोलू."

"नाही सर. नाव मी हातावर लिहिलं आणि धुऊन टाकलं. बाई खरं बोलतेय."

मॅडमनी पेन उचललं. मग म्हणाल्या, "हे लिहून घेऊ?"

"घ्या," मी म्हटलं, "पण कागदावर."

बैठक संपल्यावर मी भिंतीवरची कार्डं उतरवली. पिवळी अठरा. गुलाबी एकोणीस. पुन्हा मोजली, मग मॅडमनी मोजली. पर्समध्ये उरलेली गुलाबी दोन तशीच होती. वीस कापली होती, एकवीस झाली होती. मनोज म्हणतो, तूच लिहिलंस, मनावर ताण असला की माणसाला आठवत नाही. ठीक आहे... पण पेन्सिल त्या हॉलमध्ये कुणाकडेच नव्हती, आणि जादा कार्ड मी कापलं कधी? दुसरं कुणी लिहिलं म्हणावं, तर हात धुतल्याचं त्याला सांगितलं कुणी?

पुढच्या रविवारी मी लालबागला गेले. सुमतीकाकी तिथे मुलीकडे राहतात. सुधारलेला अहवाल नेला होता. त्यात आता लिहिलं आहे, 'फोन आला होता. नोंद आमच्याकडून राहिली.' तो वाचून दाखवला. मग पाया पडून सगळं सांगितलं. वाटलं, दार दाखवतील. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे मी खोटां बोलाक नाय. वाडीत सगळे म्हणत, तुमी फोन केलोच नाय."

मी पर्समधून ते पेन्सिलचं कार्ड काढलं आणि विचारलं, काकांचं अक्षर असं होतं का? त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"तेंका लिवक येय नाय. आंगठो लावीत."

त्या खिडकीकडे बघत सांगत राहिल्या. "तेंनी फोन ठेवल्यानी आणि माका म्हणाले, बाई बरी आसा. नाव लिवन घेतल्यान. आता बोट येतली." मग म्हणाल्या, "शेजाऱ्यांची होडी थयसून चलली होती. हे तेंका म्हणाले, तुमी जावा, आमचा नाव लिवला हा."

ते कार्ड कुणी लिहिलं, मला माहीत नाही. ते माझ्याकडेच आहे. ऑफिसात आता फोनपाशी वही साखळीने बांधली आहे. आणि मी अजून जेवायच्या आधी, नळ सोडण्यापूर्वी, डावा तळहात एकदा नीट पाहून घेते.