माझा त्रिशूल वर कसा पोचला

सायकलवरून पडून माझ्या यजमानांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा काठीशिवाय हे पुन्हा चालतील असं कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. मी मुळात शंकेखोर. तरी घाबरलेल्या जिवानं एका दुपारी बोलून गेले, "महादेवा, हे धड चालू लागले तर माझ्या खांद्यावरून त्रिशूल आणून पचमढीच्या चौरागडावर वाहीन." वर्षभरात ह्यांची काठी सुटली, पण माझी धास्ती सुटेना. नवस फेडताना काही चुकलं आणि पाय पुन्हा गेला तर?

म्हणून आणीबाणी उठल्यानंतरच्या शिवरात्रीला आम्ही नागपूरहून पचमढीची बस धरली, तेव्हा त्रिशुलाला मी ह्यांचं बोटही लागू देत नव्हते. घोळ एवढाच की लोहाराकडे हेच गेले होते. "देवाचं काम हाय, मजबूत कर गा," असं सांगून ह्यांनी माझ्याहून वीतभर उंच, भक्कम लोखंडी त्रिशूल घडवून आणला. माझी अंगकाठी पाहिली असती तर लोहारानंच हात जोडले असते.

चढण लागताच हे म्हणाले, "आण वं इकडे, मी घेतो."

"नवस माहा हाय. तुमी आपल्या पायाले जपा!"

थांबलं की ह्यांचा पाय आखडायचा, म्हणून ह्यांना मीच पुढे पिटाळलं. आणि मग अर्ध्या वाटेत खडकावर बसले ती उठवेचना. खांदा सोलला होता. नवस अर्धा राहतो की काय, या भीतीनं रडूच कोसळलं.

शेजारी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी टेकली, भिवापूरकडची. काही न विचारता तिनं भाकरी-ठेचा हातावर ठेवला. त्या ठेच्यानं माझ्या रडण्याचं कारणच बदललं! मी पाणी शोधतेय तोवर तिनं त्रिशूल उचललासुद्धा.

"माय, तो माह्या नवसाचा हाय!"

"नवस तुहा, पण तिरसूल तं महादेवाचा हाय ना? या वाटेवर कोणाचाही खांदा चालते. काहून एवढा धरून राहिली वं?"

हर हर महादेव म्हणत ती झपझप गर्दीत दिसेनाशी झाली. मी मागे धावले, धापा टाकल्या. वर तर त्रिशुलांचं रान, त्यात माझा कुठे शोधणार? शेवटी हात टेकले. "तुझा तू पाहून घे रे बाबा," म्हटलं, आणि खरं सांगते, जीव हलका झाला.

शेवटच्या वळणावर मान वर केली. देवळाच्या पायऱ्या एक माणूस माझा त्रिशूल खांद्यावर घेऊन चढत होता, जराही न लंगडता. ते हे होते.

"तुमाले कोणं देला?"

"एक बुढी होती, हिरव्या लुगड्याची. म्हणे, तुह्याच घरचा हाय गा, धर."

मी तिच्याशी ह्यांच्याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. मग वर कितीतरी हिरवी लुगडी पाहिली, ती काही भेटली नाही.

"आता तरी हात लावू देशील का?" हे मिश्कील हसत म्हणाले. मी हसले, रडलेही. ज्या पायांसाठी नवस बोलले होते, तेच पाय त्रिशूल वर घेऊन आले होते. मी उगाच एकटीनं सगळं पेलायला निघाले होते. दोघांनी मिळून त्रिशूल वाहिला, आणि उतरताना मी ह्यांना एकदाही "जपून" म्हटलं नाही.