सांगितल्यावाचून राहवेना

हळ्ळीखेडच्या पेठेत नागव्वाच्या हाताला मोठं नाव होतं. बांगड्या विकणाऱ्या लिंगायताच्या घरातली ती सून. सासूकडून तिनं बांगड्या भरायची कला घेतली आणि सासूच्याही पुढे गेली. भाकऱ्या थापून हात राठ झालेली, जाड हाडाची बाई असली तरी नागव्वा तिचा पंजा आपल्या मुठीत घ्यायची, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून दाबून मऊ करायची, मधेच तिच्या नणंदेची काहीतरी चहाडी सांगायची, आणि बाई हसून हात सैल सोडते न सोडते तोच बांगडी मनगटावर. भरून झालं की मोठ्या घरची सवाष्णसुद्धा तिला वाकून नमस्कार करी. त्या घटकेपुरती जात आणि श्रीमंती बाजूला राही. नागव्वाला त्या नमस्काराचा फार ताठा होता, आणि तो ती लपवतही नसे.

मग ते साल आलं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या पावसाळ्यात रझाकारांनी पेठ पेटवली. नागव्वाचा नवरा मल्लप्पा दुकानातला माल वाचवायला आत शिरला तो बाहेर आलाच नाही. राखेतून निघाले ते वितळून एकमेकांना चिकटलेले काचेचे गोळे.

कुंकू पुसलेल्या बाईच्या हातून बांगडी कोण भरून घेणार? गळ्यात इष्टलिंग असलेल्या माणसाला कसला विटाळ नाही, विधवेलाही नाही, असं तिच्या जातीतले वडीलधारे सांगत. सांगत, एवढंच. तिला समोरून येताना पाहून जी पहिली बाई दारातून आत वळली, ती तिच्याच चुलत जावेची लेक होती. नागव्वानं तिच्या लग्नाचा चुडा भरला होता. त्या दिवशी नागव्वा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. दीर हावगेप्पानं तिला मागची खोली दिली आणि दोन वेळची भाकरी दिली. त्याहून जास्त द्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं आणि मनही नव्हतं. टोपलीत सुया, दोरे, फण्या घेऊन ती घरोघर मागच्या दारानं हिंडू लागली. सुई विधवेच्या हातून घेतलेली चालते.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग तिला तापानं असं धरलं, की हावगेप्पानं बैलगाडीत घालून बिदरच्या मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. जगेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. तिथं एस्तेरबाई नावाची नर्स होती. कमठाण्याच्या गावकुसाबाहेर वाढलेली. एरवी नागव्वानं तिला आपल्या सावलीलाही उभं राहू दिलं नसतं. त्या बाईनं तिचं अंग पुसलं, जटा झालेले केस विंचरले आणि सुई टोचताना तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला. नागव्वा ढसाढसा रडली. एस्तेरबाईला वाटलं, सुई लागली. पण ज्या बाईनं आयुष्यभर परक्या बायांचे हात हातात घेतले, तिचा हात मल्लप्पा गेल्यापासून कुणीच धरला नव्हता.

मग संध्याकाळी एस्तेरबाई तिच्या खाटेशी बसून प्रभू येशूच्या गोष्टी सांगू लागली. त्यातली एक नागव्वानं पुन्हा पुन्हा सांगायला लावली. एका गावात एका विधवेचा एकुलता एक लेक मेला होता. तिरडी निघाली होती. प्रभू वाटेत भेटला, आणि त्याला म्हणे आधी त्या बाईची दया आली.

“आधी बाईची?” नागव्वा विचारायची. “लेकराची न्हाई?”

“आधी बाईची.”

“रांडमुंड बाईला बघून तोंड फिरवला न्हाई त्यो?”

“न्हाई फिरवला, अक्का. थांबला.”

ते ‘थांबला’ नागव्वाच्या काळजात जाऊन बसलं. तिनं गळ्यातलं लिंग स्वतःच्या हातानं उतरवलं, धूतवस्त्रात गुंडाळलं आणि स्वामींच्या मठात नेऊन ठेवलं. ठेवताना ती त्याच्या पाया पडली, हे तिनं नंतर कुणापासून लपवलं नाही. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावरून ओघळलं तेव्हा मात्र ती इतकी मोठ्यानं हसली, की पाळकसाहेब क्षणभर प्रार्थनाच विसरले. त्याच दिवशी तिनं हिरव्या बांगड्या विकत आणून हातात चढवल्या.

एस्तेरबाई म्हणाली, “बांगडीचं आपल्यात काई न्हाई, अक्का. घातली काय, न्हाई घातली काय.”

“तुला न्हाई कळायचं,” नागव्वा म्हणाली. “ह्येच तर मिळालंय मला.”

चूक झाली ती इथं. एस्तेरबाईला जे मिळालं होतं ते छातीच्या आत होतं. नागव्वानं जन्मभर सुख मनगटावरच पाहिलं होतं, म्हणून तिनं तिथंच ओळखलं.

हळ्ळीखेडला परतल्यावर हावगेप्पा दारातच उभा राहिला. “लिंग उतरवून आलीस. आता घर तुझं न्हाई,” म्हणाला. नागव्वानं वाद घातला नाही. गावाबाहेर ख्रिस्ती झालेल्यांची चार-पाच घरं होती, तिथं एका छपरात ती राहू लागली. आणि तिथून सकाळी जी निघायची ती सांगतच सुटायची. विहिरीवर सांगायची, आठवडी बाजारात सांगायची, एरंडाच्या बिया वेचणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगायची. सुई घ्यायला आलेल्या बाईला सुईच्या आधी प्रभू मिळायचा. लोक हसायचे, कुणी शिव्या घालायचे, पोरं खडे मारायची. तिला त्याचं काही वाटत नसे. भुकेल्याला अन्नछत्राचा पत्ता सापडावा आणि त्यानं तो गप्प दाबून ठेवावा, हे तिच्या बुद्धीला पटणारं नव्हतं.

ब्राह्मण आळीत नरहररावांचं घर होतं. नरहरराव शाळेत मास्तर; निजामाच्या वेळी उर्दूतून शिकवायचे, आता मराठीतून शिकवत होते, आणि दोन्ही वेळा तितक्याच शिस्तीनं. त्यांचा धाकटा भाऊ व्यंकटेश त्याच जळितात गेला होता. त्याची बायको सुशीलाबाई, विशीतली, आणि नलू नावाची चार वर्षांची लेक, दोघी त्यांच्याच आधारावर होत्या. सुशीलाच्या लग्नाचा चुडा नागव्वानंच भरला होता. सगळं गाव मागच्या दारानं सुया घ्यायचं, पण नागव्वाला खाली बसवून तांब्याभर पाणी द्यायची ती एकटी सुशीलाच. दोघींचा संसार एकाच आगीत गेला होता.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. ओसरीवर गावातल्या सवाष्णी बसल्या होत्या, कैरीच्या डाळीचा वास सुटला होता. सुशीला परसात, पाट्यावर डाळ वाटत होती. विधवेनं तिथं पुढं जायचं नसतं. नागव्वा टोपली घेऊन आली आणि तिच्याजवळ बसली. त्या विधवेची गोष्ट सांगू लागली. सुशीलाचा वरवंटा थांबला.

“नागव्वा, तुला भीती नाही वाटत? असे हात घेऊन गावातून फिरायची?”

“कामून वाटंल? मला बगून ज्यो थांबला, त्यो काय भिऊन थांबला?”

सुशीला बराच वेळ तिच्या बांगड्यांकडे बघत राहिली. मग तिनं आपला हात पुढं केला. कशासाठी केला, हे तिलाही धड ठाऊक नसावं. नागव्वानं तो धरला. किती दिवसांनी तिच्या मुठीत असा पंजा आला होता!

“हात सैल सोड, अक्का,” ती म्हणाली. आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून तिनं सुशीलाच्या हातात चढवल्या.

सुशीला हसली. नागव्वाला वाटलं, स्वर्ग म्हणतात तो हाच.

तेवढ्यात ओसरीवर नलू पडली आणि किंचाळली. कुठलीही आई करील तेच सुशीलानं केलं. धावत गेली, सवाष्णींच्या मधून वाट काढून तिनं पोरीला उचललं, आणि उचलताना बांगड्या वाजल्या.

ओसरीवरच्या माना तिच्या मनगटाकडे वळल्या. थोरली जाऊ इंदुताई उठली. ती काही कजाग बाई नव्हती. सुशीलाच्या डोक्याला तेल तीच लावायची. पण गावच्या सगळ्या बाया बघत होत्या. तिनं सुशीलाचा हात धरून उंबऱ्यावर आपटला. एकदा आपटून एकच फुटली, म्हणून पुन्हा आपटला. काच मनगटात घुसली. इंदुताई स्वतःही रडत होती. परसाच्या दारातून नागव्वानं सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुशीलाला माहेरी, राजेश्वरला, गाडीत घालून धाडलं. नलूला ठेवून घेतलं. “भावाची एकुलती खूण आहे. बाटलेल्या संगतीत नाही जाऊ द्यायची,” नरहरराव म्हणाले. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत पोर ओरडत होती.

त्यानंतर नागव्वाला अन्न गोड लागेना. आपण एका बाईला सुख द्यायला गेलो आणि तिचं लेकरू काढून घेतलं, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमू लागलं. नलू आईविना खंगत चाललीय, जेवत नाही, असं कानावर येई. शेवटी एक दिवस ती चावडीसमोर गेली. नरहरराव चार माणसांत बसले होते. तिनं त्यांच्यापुढं मातीत डोकं टेकलं.

“मास्तर, पाप माझं हाय. मला काय सजा द्यायची ती द्या. पोर आईला द्या.”

नरहररावांनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचे हाल होत होते हे त्यांनाही दिसत होतं. पण गावात मान खाली गेली होती.

“ठीक आहे. आधी हातातल्या फोड.”

उरलेल्या बांगड्या नागव्वानं चावडीच्या दगडावर तिथल्या तिथं फोडल्या. जराही थांबली नाही. तिला वाटलं, सुटले. काच ती, पुन्हा घालता येईल.

“आता सगळ्यांसमोर म्हण, की जे सांगत हिंडलीस ते खोटं होतं.”

नागव्वा उभी राहिली. माणसं वाट बघत होती. नरहररावांच्या पायाशी नलू धोतराचा सोगा धरून उभी होती. तिच्या हनुवटीवर लाळ वाळली होती. नागव्वानं तोंड उघडलं आणि मिटलं. नरहररावांनी पुन्हा विचारलं. तिच्या डोळ्यांपुढून ती तिरडी गेली, आणि वाटेत थांबलेला तो गेला. त्याची तिला इतकी लाज वाटली, की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“खोटं हुतं,” ती म्हणाली.

“मोठ्यानं.”

“खोटं हुतं! मी सांगितलं ते समदं खोटं हुतं!”

नरहरराव शब्दाला जागले. त्याच आठवड्यात नलूला त्यांनी स्वतः राजेश्वरला पोचवलं. फक्त निघताना सुशीलाच्या वडिलांना बजावून आले, की त्या धर्माची कुणकुण जरी कानावर आली तरी पोर परत नेईन.

नागव्वा बिदरला गेली आणि एस्तेरबाईसमोर बसून तिनं सगळं सांगितलं. एस्तेरबाई म्हणाली, प्रभूच्या जवळच्या शिष्यानंही भीतीनं ‘मी त्याला ओळखत नाही’ असं म्हटलं होतं, आणि प्रभूनं त्याला माफ केलं.

“मलाबी केला असंल,” नागव्वा म्हणाली. “त्याचं मन मोठं हाय, ठाऊक हाय मला. पण आता मी कुठल्या तोंडानं सांगू?”

आणि तिनं खरंच सांगणं सोडलं. रविवारी उपासनेला जाई, सगळ्यांच्या मागं बसे, गाणं सुरू झालं की तोंडाला पदर लावी. सुया विकायची, पैसे घ्यायची, उठायची. गावाला बरं वाटलं. म्हणाले, बाई ताळ्यावर आली.

पुढच्या साली सुगीनंतर ती टोपली घेऊन राजेश्वरला गेली. सुशीलाकडे जायचं नाही असं ठरवून गेली होती म्हटलं तरी चालेल. पाय आपोआप त्या आळीकडं वळले. सुशीला परसात शेंगा सोलत होती. मनगटावर पांढरा वण होता. नागव्वा दूरच उभी राहिली.

“ये, बस,” सुशीला म्हणाली आणि पाणी दिलं.

घरात नलूचा आवाज होता. ती आजीशी कशावरून तरी भांडत होती. अंगानं भरली होती. नागव्वा पाणी प्यायली.

“नागव्वा,” सुशीला शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, “तू चावडीवर जे म्हणालीस, ते खरं का?”

नागव्वानं तांब्या खाली ठेवला.

“नलू सांगते, ती बाई कितीतरी वेळ नुसती उभी होती. काकांनी परत विचारलं तरी बोलेना. बांगड्या फोडायला वेळ नाही लागला तुला. मग खोट्याला खोटं म्हणायला एवढा वेळ का लागला?”

“खोटं मी चावडीवर बोलले, अक्का,” नागव्वा हलकेच म्हणाली. “त्याच्या आधी बोलले ते खरं हुतं. बांगडीचं माझं चुकलं. बांगडीत काई न्हवतं. पण त्यो थांबला हुता, ते खरं.”

एवढं बोलली आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं. चेहरा उजळला. ती पुढं सरकली, तिनं सुशीलाचा हात हातात घेतला. “त्या बाईचं पुढचं सांगायचं ऱ्हायलंय बग तुला. त्यानं तिरडीला हात लावला, अन्...”

सुशीलानं हात ओढून घेतला.

“नको. पुढं सांगू नकोस.”

“कामून, अक्का?”

“मला ते खरं वाटेल,” सुशीला म्हणाली. “आणि खरं वाटलं की मलाही तुझ्यासारखंच सांगितल्यावाचून राहवणार नाही. मग नलूला तिचे काका घेऊन जातील.”

घरातून नलूनं आईला हाक मारली. सुशीला पदरातल्या शेंगा सुपात टाकून उठली आणि आत गेली. दार तिनं आतून लोटून घेतलं.