बेचाळीस आणि एक

मावशी मोजण्यात चुकल्या, हे मला अजून पचलेलं नाही. आज चौथा दिवस आहे.

मावशी आमच्या शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहेत. सोळा वर्षं झाली. तासाला चाळीस परीक्षानळ्या बाहेर काढायच्या, तास संपला की चाळीस आत ठेवायच्या. एखादी फुटली तर तिचे तुकडे डब्यात ठेवून तीसुद्धा मोजतात. "फुटली म्हणजे हरवली नाही," म्हणतात. मी याच शाळेत शिकले. साहित्याची पदवी घेऊन यंदा भाषा शिकवायला परत आले, तेव्हा शिक्षकखोलीतली माझी खुर्ची त्यांनीच पुसून दिली. "बाई झालीस. आता तरी बुटाच्या नाड्या बांध."

शेवटच्या वर्षाच्या वर्गाची सहल दरवर्षी निघते. सोबतचे शिक्षक बदलतात, मावशी ठरलेल्या. फार पूर्वी एक सर दोन मुलांना संग्रहालयात विसरून आले होते. तेव्हापासून मोजणी मावशींकडे. त्यांची पद्धत वेगळी आहे. बसच्या दाराशी उभं राहायचं, चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला दोन बोटं लावायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. कुणी आधीच आत जाऊन बसलं असेल तर त्याला खाली उतरवायचं, पुन्हा चढवायचं. मलाही एकदा उतरवलं होतं. ताप होता तरी.

यंदा अडचण एवढीच होती की वर्गात त्यांची लेक होती.

सहलीच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेत चहा पीत होते. लेक दप्तर घेऊन आली आणि माझ्यासमोरच बोलली.

"तिथे मावशी म्हणून ये. आई म्हणून नको."

"बरं."

"डबा खाल्लास का, टोपी घाल, असलं काही नको. माझ्याकडे बघत बसायचं नाही. आणि खांद्याला हात लावायचा नाही. सगळे हसतात."

"मग मोजू कशी?"

"मी आधीच चढून बसेन. मला धरून चाल. मी काय पळून जाणारे?"

"अटी संपल्या का, महाराणी?"

"तूर्तास."

ती गेल्यावर मावशी बराच वेळ एकच नळी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. सतरा वर्षांची झाली."

सकाळी बस निघाली. यंदा सोबतची शिक्षिका मी होते. मोबाइल जमा करून एका कापडी पिशवीत ठेवले होते, शाळेचा तसा नियम आहे. मावशी दिवसभर बसल्या नाहीत. बसमध्ये त्या दोन सीटच्या मधल्या वाटेत उभ्या. धरणावर कठड्याच्या कडेला उभ्या. जेवणाच्या वेळीही हातात न उघडलेला डबा घेऊन उभ्या. मी म्हटलं, "मावशी, टेका जरा." म्हणाल्या, "टेकले की पोरं पांगतात." लेकीकडे त्यांनी खरंच बघितलं नाही. ती समोर आली की त्या बसच्या टायरकडे बघत.

यादीत त्रेचाळीस नावं होती. धरणावरून निघताना मी त्यांच्याजवळच उभी होते. "एक्केचाळीस, बेचाळीस," त्या म्हणाल्या. मग हळूच, "आणि एक." मी ऐकलं. मला काही वाटलं नाही. लेक आत खिडकीशी बसलेली दिसत होती.

शेवटचं ठिकाण दीपगृह. वर जायला अरुंद गोल जिना, एका वेळी दहाच जण. वारा इतका होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. साडेचारला बसच्या दाराशी मोजणी झाली. बेचाळीस. आणि एक. ड्रायव्हरकाकांनी बस सोडली.

चाळीस मिनिटांनी चहाच्या टपरीपाशी थांबलो. घरी फोन करायला म्हणून मावशींनी मोबाइलची पिशवी उघडली. एकेकाने आपापला घेतला. तळाशी एक उरला. त्याच्या कोपऱ्याला चिकटपट्टी होती. मावशींचाच जुना फोन तो, आता लेकीकडे असलेला. पट्टीही त्यांनीच लावलेली.

त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. मग बसमध्ये चढल्या. मागच्या सीटपर्यंत गेल्या, परत आल्या. खाली वाकून सीटखाली बघितलं. सतरा वर्षांची मुलगी सीटखाली कशी असेल?

"काका, बस वळवा," त्या म्हणाल्या.

"इथे? इथे बैलगाडी वळायची नाही, ताई."

"मग पुढे जिथे वळते तिथे वळवा. पण आत्ता निघा."

चहाचे पेले तसेच राहिले. लेकीची मैत्रीण रडायला लागली. धरणावर दोघींचं भांडण झालं होतं, म्हणून दोघी वेगळ्या बसल्या होत्या. ती दुसरीकडे बसली असेल असं हिला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. मलाही.

"कशावरून भांडलात?" मी विचारलं.

"एका जुन्या फोटोवरून." मग तिला आणखी रडू आलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, दीपगृह पाचला बंद होतं. पाटीवर लिहिलं होतं." दुसऱ्याने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

सव्वापाच वाजून गेले होते. मावशी पुढच्या काचेपाशी उभ्या होत्या. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा पुढे जात होता. मी पाणी दिलं. त्यांनी बाटली उघडली आणि तशीच धरून ठेवली. पाणी त्यांच्या चपलेवर सांडत राहिलं.

"मी म्हटलं ते 'आणि एक'," त्या म्हणाल्या. "तू ऐकलंस ना?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

मी त्यांच्या हातातून बाटली घेऊन तिचं झाकण लावलं.

दीपगृहाला कुलूप लागलं होतं. बाहेरच्या बाकावर चौकीदार बसला होता. शेजारी लेक, अंगावर त्याचं जाकीट. बस थांबली तरी ती उठली नाही. मावशी उतरल्या आणि तिच्यापासून चार पावलांवर थांबल्या. मीही मागे थांबले.

"कुठे होतीस?"

"मागे खडकांवर."

"बस सुटताना दिसली नाही?"

"दिसली." ती जाकिटाची चेन वरखाली करत होती. "मला वाटलं, एक कमी भरेल. मग तू हाक मारशील. मी हाकेची वाट बघत होते."

"तूच म्हणालीस, मला धरून चाल."

"म्हणाले. पण तू ऐकशील असं वाटलं नाही."

चौकीदार उठून लांब गेला. जाकीट मागायचंही त्याने टाळलं. ते मी नंतर परत नेऊन दिलं.

बसमध्ये ड्रायव्हरकाका हळू आवाजात म्हणाले, "ताई, पंक्चर झालं म्हणून सांगू. पोरं गप्प बसतील." मुलांनी माना डोलावल्या. मावशींनी सगळ्यांसमोर मुख्याध्यापकांना फोन लावला.

"सर, एक मुलगी मागे राहिली होती. सापडली, ठीक आहे. मोजणीत चूक झाली. माझी... नाही, दुसऱ्या कुणाची नाही. पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघा, सर."

कोण मुलगी, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"माझं नाव का नाही सांगितलंस?" लेकीने विचारलं.

"कुणाचीही मुलगी असती तरी चूक तीच."

"नाही. कुणाचीही असती तर तू मोजली असतीस."

मावशींनी पुढच्या सीटचा दांडा धरला. शाळा येईपर्यंत दीड तास त्या उभ्याच होत्या. लेक पहिल्या सीटवर, त्यांच्या कोपराशी. दोघी काचेतून रस्त्याकडे बघत होत्या.

शाळेच्या फाटकात पालक उभे होते. मी यादीचा कागद पुढे केला. त्यात दोन रकाने असतात. एकात सोपवणाऱ्याची सही, दुसऱ्यात पालकाची. मावशी सही करत, पालक सही करत, मूल घरी जाई. मैत्रीण जाताना लेकीला काहीतरी म्हणाली, लेक थोडी हसली. गर्दी ओसरली. फाटकातला दिवा लागला. लेक रांगेतून हलली नव्हती. रांगेत आता ती एकटीच होती.

मावशींनी पहिल्या रकान्यात सही केली. पेन माझ्याकडे परत द्यायला लागल्या.

"अजून एक राहिली," लेक म्हणाली.

"कोणती?"

"पालकाची."

मावशींनी कागद भिंतीला लावला. दुसऱ्या हाताने तो घट्ट दाबून धरला. सही पहिलीसारखी आली नाही.

"आता चल," लेक म्हणाली. "मला भूक लागलीय. तू पण सकाळपासून काही खाल्लं नाहीस. मी बघत होते."