पाव घराची मालकीण

ग्लेनिस ऑटवे माझी शेजारीण. इंग्लंडातल्या आमच्या केटरिंग गावच्या शाळेत दोनशे मुलांचं जेवण रांधायची. मागेपुढे कुणी नाही. चाळिशी उलटल्यावर तिने आमच्या गल्लीतलं घर एका गृहसंस्थेकडून हिश्शाने घेतलं. पाव भाग तिचा, उरलेल्या पाऊण भागाचं भाडं संस्थेला. जमेल तसा पुढचा हिस्सा विकत घ्यायचा. छप्पर गळलं तर मात्र दुरुस्ती सगळी तिचीच. हा न्याय कुणाच्या डोक्यातून निघाला, मी विचारून दमले.

संस्थेचा माणूस प्रिडो. गोड बोलून गळा कापणारा.

हिस्सा वाढवायचा तर तज्ज्ञाला पैसे देऊन घराची किंमत ठरवून घ्यावी लागते, आणि ती तीनच महिने चालते. ग्लेनिसने कागद पाठवले. प्रिडोने ते दाबून ठेवले आणि चौथ्या महिन्यात म्हणाला, "मुदत संपली हो, ग्लेनिस. पुन्हा किंमत काढा." तोवर घराचे भाव चढलेले. दुसऱ्या वेळी तेच. तिने फोनवर जाब विचारला तर हसला. "एवढी घाई कसली? एकट्या बाईला पाव घर पुरतं की."

हे मला सांगताना ती बटाटे सोलत होती. सालं फार जाड निघत होती.

"याला मी सोडणार नाही," ती म्हणाली.

"तक्रार कर."

"तक्रार त्याच्याच टेबलावर जाते. आत्ता तोंड उघडलं तर तिसऱ्यांदाही कागद सडवेल. आधी घर पुरतं माझं होऊ दे."

तिसऱ्या वेळी ती स्वतः कचेरीत गेली आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलली नाही. पुढे दर वेळी तसंच. घर पूर्ण व्हायला अकरा वर्षं लागली. अकरा वर्षं शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या लग्नांत रांधलं, एकदाही समुद्रावर गेली नाही. प्रिडोचं नाव मात्र रोज घ्यायची.

शेवटचा कागद हाती आल्यावर तिने संस्थेच्या मोठ्या बाईंना चहाला बोलावलं. सुखी मालकिणीचा फोटो मिळेल म्हणून बाई आल्याही. दिवस ग्लेनिसने निवडलेला. शेजारची संस्थेचीच, हिश्शाने विकायची सहा नवी घरं बघायला त्या दिवशी गिऱ्हाइकं यायची होती. अंगणात टेबल मांडून ती येणाऱ्या प्रत्येकाला बोलावून चहा देत होती आणि किमतीची गोष्ट सांगत होती.

प्रिडो धावत आला. "ग्लेनिस, हे काय चाललंय? लोक घाबरतायत."

"अंगण माझं, चहा माझा. तू घेणार? तुझ्यापुरतं नासकं दूध आहे."

मग तिने मुदत संपल्याची, त्याच्याच सहीची दोन पत्रं त्याच्या हातात दिली. "वाच. मोठ्याने. तारखांसकट."

मोठ्या बाई कप धरून उभ्या. त्याला वाचावं लागलं. कागद संस्थेकडे कधी आले, उत्तर कधी गेलं, सगळं. चार कुटुंबं तिथूनच परत फिरली. महिन्याभरात प्रिडोची नोकरी गेली.

सूड घेऊन मन रितं होतं असं सज्जन लोक सांगतात. ग्लेनिसने त्या संध्याकाळी उरलेले तिन्ही सॉसेज रोल खाल्ले आणि ढाराढूर झोपली.

नंतर एकदा तो फुलं घेऊन माफी मागायला आला. आम्ही दोघी आत बसलो होतो. बेल वाजत राहिली.

"उघडायचं नाही?" मी विचारलं.

"वाजवू दे. बेलसुद्धा माझीच आहे."