कुणी काही सांगितलं नाही तर

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणायचे. वय फारसं नव्हतं, पण प्रत्येकाच्या प्रोग्रामची विचारपूस करायची तिला भारी हौस. पाण्याच्या पंपांवर नजर ठेवणारे प्रोग्राम ही कंपनी लिहायची, आणि त्या सगळ्यांचा लॉग, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, मावशीनं लिहिलेल्या लायब्ररीतून, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या तयार कोडमधून जायचा. किती बारीक लिहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण ठरवतंय कोण? कुणी काही सांगितलं नाही तर लायब्ररी सगळ्यात बारीक, डीबग पातळीवर चाले. खुट्ट झालं की नोंद.

एका पंपघरातली डिस्क अशानं भरून गेली. प्रोग्राम अडकला आणि सकाळी अर्ध्या वस्तीचे नळ कोरडे.

"मावशी, तुमच्या लायब्ररीच्या तोंडाला कुलूप लावा," साहेब म्हणाले. "फक्त एरर लिहू दे."

तिला ते झोंबलं. "लावते," म्हणाली आणि त्याच तिरमिरीत एक शब्द बदलून मोकळी झाली.

महिन्याभरात दुसऱ्या पंपघरातली मोटर जळाली. कितीतरी दिवस ती मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत होती. प्रोग्रामच्या लेखी ही एरर नव्हे, नुसती वॉर्निंग. लॉग उघडला तर कोरा करकरीत.

"अहो, हा तर मूग गिळून बसला!" साहेबांनी कपाळाला हात लावला.

घरी भाजी निवडताना ती नवऱ्याला म्हणाली, "आधी मी माझ्या सोयीनं ठरवलं, मग साहेबांच्या रागानं. ज्यानं काही ठरवलेलंच नाही, तो बिचारा राहिलाच."

"त्याला काय लागतं?"

"मोटर कधी चालू झाली, कधी बंद पडली, का पडली."

"मग तेवढंच लिही की!"

तिनं डीबग आणि एररच्या मधली इन्फो पातळी ठेवली. सगळ्या टीमना जवळ बसवून कुठली ओळ इन्फोत, कुठली डीबगमध्ये, ते पाखडून काढलं. जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातील अशी सोय केली. आणि प्रोग्राम सुरू होताच पहिली ओळ उमटू लागली: 'पातळी इन्फो. कुणी ठरवली नाही म्हणून.'

"टोमणा मारताय?" साहेब हसले.

"मारतेय."

दोन टीमनी ओशाळून आपापली पातळी ठरवली. बाकीच्यांनी कशाला हातही लावला नाही, आणि त्यांचे पंप बिनबोभाट चालत राहिले. मावशीला खरं समाधान त्यांचंच.